केळीचा खोका, कागदी लेबल आणि उकिरडा

प्रश्न (रावेर तालुक्यातून) : परदेशात पाठवलेल्या कंटेनरमधली काही केळी वाटेतच पिकली म्हणून खरेदीदारानं पैसे कापले. खोक्यात तापमानावर नजर ठेवणारे आणि वापरानंतर कुजून जाणारे सेन्सर लावले असते तर चूक कुणाची हे कळलं असतं का?

बऱ्याच अंशी. केळीला वाटेत 13-14 अंश लागतात. त्याखाली चरका बसतो, साल करडी पडते, मग पिकवणी केंद्रात फळ पिकवणारा वायू, म्हणजे इथिलीन, कितीही सोडा, पिवळा रंग खुलत नाही. तापमान वर गेलं की एखादी फणी पिकू लागते आणि तिचंच इथिलीन शेजारच्या खोक्यांना पिकवतं.

तुमच्या कामाचं आहे ते रंग बदलणारं कागदी लेबल. जितकी उष्णता, तितका त्याचा रंग भराभर पुढे सरकतो आणि पुन्हा मागे येत नाही. रात्री कंटेनरचं थंडीचं मशीन बंद ठेवून पहाटे चालू केलं तरी ते लपत नाही. पण बिघाड कुठे आणि किती वाजता झाला, हे लेबल सांगणार नाही; त्यासाठी एखाद्या खोक्यात डेटा लॉगर, म्हणजे वेळेसह तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, हवंच. थंडीची चूक पकडायचं लेबलही वेगळं असतं.

लावताना खोक्याच्या आत, फण्यांच्या मधे लावा. कंटेनरमध्ये थंड हवा तळातून येते, म्हणून दाराजवळच्या वरच्या थरातले दोन-तीन खोके हमखास निवडा. आणि लेबलं वापरेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा! मे महिन्यात, आपल्याकडच्या 44 अंशांत, टेबलावर दुपारभर पडलेलं लेबल माल भरण्याआधीच 'खराब' दाखवेल. कोणत्या रंगाला किती कपात, हे सौद्याच्या वेळीच लिहून घ्या. नाहीतर भांडणाला आणखी एक विषय.

प्रश्न (फैजपूर) : 'पूर्ण विघटनशील' लिहिलेली लेबलं उकिरड्यात टाकली तर कुजतात का?

कशाची आहेत ते विचारा. कागद, स्टार्च कुजतात. मॅग्नेशियम ओलाव्यात झिजून जातं. पीएलए नावाचं मक्यापासूनचं प्लास्टिक मात्र साठेक अंशांच्या औद्योगिक कंपोस्टमध्येच नीट कुजतं. शेताच्या बांधावर ते वर्षानुवर्षं गुटख्याच्या पुडीला सोबत करेल. मोबाइलनं वाचता येणाऱ्या लेबलातली सिलिकॉनची चिप तर कुजतच नाही. सेन्सरला लागणाऱ्या बॅटरीचं म्हणाल, तर स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेनं 2022 मध्ये पाण्याच्या दोन थेंबांवर सुरू होणारी कागद-जस्ताची बॅटरी दाखवली होती, पण कागद वाळला की तिचा जोर ओसरतो.

प्रश्न (धुळे) : दूध नासल्याचं लेबलावरून कळेल?

जांभळाच्या सालीतलं रंगद्रव्य आंबटपणात लालसर होतं, त्यावर अशी लेबलं बनतात. पण त्याला दुधाचा स्पर्श लागतो, म्हणजे ते पिशवीच्या आत हवं. त्यापेक्षा दूध काढल्याबरोबर 4 अंशांपर्यंत थंड करा आणि संकलनाच्या कॅनला साधा तापमापक लावा.