दावा बटईने लावणे

विचारणा अशी आहे: एखाद्याच्या दाव्याचा खर्च बाहेरचा गुंतवणूकदार करतो आणि निकाल बाजूने लागला की मिळालेल्या रकमेत हिस्सा घेतो. बातमीत याला ‘तृतीय पक्ष खटला वित्तपुरवठा’ म्हटले होते. याहून बरा मराठी शब्द आहे का? आणि इंग्रजी कायद्यातल्या ‘चँपर्टी’ला, म्हणजे हिस्सा ठरवून दुसऱ्याचा दावा चालवण्याला, काय म्हणावे?

आहे, आणि तो शेतातच पडलेला आहे. पण आधी त्या लांबलचक नावाकडे पाहू. खटला चोरीचा, मारामारीचा, खुनाचा. पैशासाठी किंवा जमिनीसाठी लावतात तो दावा. ‘तृतीय पक्ष’ तर उलटाच अर्थ सांगतो. दाव्यात ज्याचे नाव आहे तो पक्षकार; हा माणूस तर नाव नसलेलाच. त्याच्यासाठी ‘तिऱ्हाईत’ हा इतका नेमका शब्द घरात असताना तो का टाकायचा?

माझा खरा आक्षेप ‘वित्तपुरवठ्या’वर आहे. त्यातून कर्जाचा वास येतो. दावा हरला तरी कर्ज फेडावेच लागते. इथे दावा बुडाला की तिऱ्हाईताचा पैसा बुडतो, वादीच्या दारात तो वसुलीला येत नाही. ‘अर्थसाहाय्य’ म्हणावे तर कोणी उपकार करतो आहे असे वाटते. करारावर सही करणाऱ्या माणसाला पहिला शब्द उगाच घाबरवेल आणि दुसरा गाफील ठेवेल.

आता चँपर्टी. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘शांपार’वरून आला आणि त्याच्या मागे लॅटिन ‘कांपी पार्स’ आहे, म्हणजे शेताचा भाग. कुळाच्या पिकातून जमीनदार जो वाटा घेई तो शांपार. इंग्लंडमध्ये बडे लोक दुसऱ्याच्या जमिनीच्या दाव्यात असाच वाटा ठरवून घेत आणि आपले वजन खर्ची घालून निकाल फिरवत. म्हणून १२७५च्या वेस्टमिन्स्टर कायद्यापासून त्याला मनाई झाली. गुन्हा म्हणून तो थेट १९६७ साली रद्द झाला.

शब्दच जर शेतातला, तर मराठीत वाटा, अर्धेली, बटई हे तिन्ही हाताशी आहेत. ‘वाट्याचा दावा’ मला आधी फार आवडला होता, पण कोर्टात तो भावाभावांचा वाटपाचा दावा म्हणूनच ऐकला जाईल. अर्धेलीत निम्मेच ठरलेले. इथे हिस्सा करारागणिक बदलतो. उरते बटई, आणि ती चपखल बसते. मालकाकडे जमीन आहे पण कसायची ताकद नाही; बटईदार कसतो, खर्च घालतो, पीक आले तर हिस्सा घेतो. तसेच इथे वादीकडे हक्क आहे पण कोर्ट फी आणि वकिलाचे पैसे नाहीत. पीक गेले तर बटईदाराचेही गेले.

आमच्या आजोळी परभणीकडे एका साली सोयाबीनची वीस पोती झाली. बटईदाराने बियाणे, खत आणि मळणीची म्हणून सहा पोती आधी बाजूला काढली आणि उरलेल्या चौदांचे सात-सात केले. मामांचे म्हणणे, आधी दहा-दहा करा, मग आपापला खर्च आपण पाहू. बोली पेरणीआधी नीट झाली नव्हती, एवढेच कारण. दोघे खळ्यावर दुपारभर बसून होते.

दाव्याच्या बटईतही सगळे याच जागी अडते. ब्रिटनच्या टपाल खात्याच्या होरायझन संगणकप्रणालीच्या चुकांमुळे अनेक पोस्टमास्तरांवर अपहाराचे आळ आले. त्यांतल्या ५५५ जणांनी तिऱ्हाईताच्या पैशाने त्या खात्यावर दावा लावला. डिसेंबर २०१९मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. वकिलांचा खर्च आणि पैसा लावणाऱ्यांचा हिस्सा वजा जाता वादींच्या हाती साधारण १ कोटी २० लाख उरले, माणशी सरासरी वीसेक हजार. पुढे सरकारला त्यांच्यासाठी वेगळी भरपाई योजना आणावी लागली. तरी तो पैसा नसता तर दावाच उभा राहिला नसता, हेही खरे.

आपल्याकडे इंग्लंडची मनाई लागू नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १८७६मध्ये रामकुमार कुंडू प्रकरणात सांगितले. मात्र करार पिळवणुकीचा किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल तर टिकत नाही. वकिलाला दाव्याच्या फळात वाटा घेता येत नाही, तिऱ्हाईताला अशी आडकाठी दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात नोंदवले. म्हणजे वकील बटईदार होऊ शकत नाही.

क्रियापदही शोधावे लागत नाही. आपण दावा लावतो, जमीन बटईने लावतो, पैसाही लावतो. म्हणून ‘तिने दावा बटईने लावला’ हे वाक्य ऐकताच कळते. चँपर्टीला ‘दाव्याची बटई’ म्हणावे, पैसा घालणाऱ्याला ‘दाव्याचा बटईदार’.

कायद्याच्या मसुद्यात मात्र मी ‘तिऱ्हाईत’ जपून वापरीन. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ला महाराष्ट्रात जी दुरुस्ती लागू आहे, तिच्यानुसार खर्चाच्या बदल्यात दाव्यातल्या मालमत्तेचा हिस्सा लिहून घेणाऱ्याला, त्याची संमती असल्यास, न्यायालय वादी करून घेऊ शकते आणि त्याच्याकडून खर्चाची हमीही मागू शकते. तसे झाले की तो तिऱ्हाईत राहत नाही. बटईदार मात्र राहतोच.