सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात बालरोग विभाग वाढतो म्हणजे फक्त बेड वाढतात का?

नाही हो, बेड तर दिसतात म्हणून मोजले जातात. मुंबईचं सायन हॉस्पिटल घ्या. महापालिकेचं, 1964 पासून मेडिकल कॉलेज जोडलेलं, धारावी अगदी शेजारी, त्यामुळे कमी वजनाची, कमी दिवसांची बाळं सतत येणार. अशा बाळांना वरचं दूध दिलं की इन्फेक्शनची भीती, आणि आई स्वतः आजारी असेल किंवा दूधच येत नसेल तर करायचं काय? त्यातून 1989 मध्ये तिथल्याच नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवून अशा बाळांना द्यायची सोय; आशियातली पहिली म्हणून ओळखतात तीच.

काम तसं घरगुती वाटेल असं आहे. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासणी, मग दूध काढायचं, 62.5 अंशावर 30 मिनिटं तापवायचं, थंड करून जंतू आहेत का ते बघायला कल्चरला सॅम्पल पाठवायचं आणि उणे 20 अंशावर गोठवायचं. पुढे ते नळीतून किंवा वाटी-चमच्याने, कधीकधी एका वेळी दोन-तीन मिलीच, बाळाच्या पोटात जातं.

माझ्या मते विभाग खरा इथे वाढला. नवं मशीन आणलं की फोटो निघतो, पण नवीन बाळंतिणीशेजारी बसून तिला दूध काढायला शिकवणारी सिस्टर कुठल्या फोटोत नसते, आणि ती जागा रिकामी राहिली ना, की पेढी असून नसल्यासारखी. शिवाय टीचिंग हॉस्पिटल असल्याने इथे शिकलेले रेसिडेंट डॉक्टर हीच पद्धत पुढच्या हॉस्पिटलात घेऊन जातात, ते तर बेडच्या आकड्यात कुठेच येत नाही.