वाचकांचे प्रश्न : पुराचा अलर्ट आला, घर नक्की कधी सोडायचं?

प्रश्न : आमचं घर नदीजवळ, तळमजल्यावर. पावसाळ्यात मोबाइलवर सारखे अलर्ट येतात, कधी यलो कधी ऑरेंज, आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही, त्यामुळे घरातले आता बघतही नाहीत. सासूबाईंना चालता येत नाही. नक्की कधी हलायचं हे कसं ठरवायचं?

उत्तर : ताई, घरातल्यांचं मला कळतं, दहा वेळा काही झालं नाही की अकराव्या वेळी कोण बघणार. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, मोबाइलवर येणारे यलो-ऑरेंज-रेड हे रंग बहुतेक वेळा पावसाच्या अंदाजाचे असतात, नदीच्या पाण्याचे नाहीत. तुमच्या दारात येणारं पाणी वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचं आणि धरणातून सोडलेलं असतं, म्हणून कित्येकदा तुमच्याकडे ऊन पडलेलं असतं आणि नदी चढतच असते. तेव्हा रंगापेक्षा पातळी बघा. प्रत्येक मोजणीच्या ठिकाणी इशारा पातळी आणि धोका पातळी ठरलेली असते, उदाहरणार्थ कोल्हापूरला पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ फुटांना, आणि २०१९ मध्ये तिथं पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं.

आता खरी अडचण अशी की किती फुटांना तुमच्या गल्लीत पाणी येतं हे कुठल्याच अलर्टमध्ये लिहिलेलं नसतं. ते तुम्हालाच काढावं लागतं, आणि कोरड्या दिवसात. शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, भिंतीवर डाग असेल तर बघा, आणि त्या दिवशी नदी किती फुटांवर होती ते जुन्या बातम्यांत सापडतं. मग दोन आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, एक उंबऱ्याला पाणी लागण्याचा आणि दुसरा बाहेर पडायचा रस्ता बंद होण्याचा. लोक उंबऱ्याकडे बघत बसतात, पण रस्त्यावरचा सखल भाग किंवा ओढ्यावरचा छोटा पूल बऱ्याचदा त्याच्या आधीच बुडतो, आणि मग घर कोरडं असूनही तुम्ही अडकलेले असता! त्यामुळे निर्णयाचा आकडा रस्त्याचा धरा, आणि सासूबाईंना त्याच्याही बरंच आधी, उजेड असताना, हलवा. रात्रीची वाट बघू नका. २०२१ च्या जुलैमध्ये जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात रात्रीतून पाणी चढलं तेव्हा अपंगांच्या एका निवासात तळमजल्यावरचे १२ जण बुडून गेले. पुराचे इशारे आधी निघालेले होते, तरीही. मला ही गोष्ट विसरता येत नाही, आणि तुमचं पत्र वाचताना तीच आठवली.

बाकी तयारी तुम्हाला माहीत असेलच, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि त्यांचे फोटो बाहेरगावच्या नातेवाइकाकडे, औषधं निदान आठ-दहा दिवसांची. मेन स्विच पाणी घरात यायच्या आधी बंद करायचा, पाण्यात उभं राहून कधीच नाही, आणि इन्व्हर्टर असेल तर मेन पाडला तरी तो लाइनमध्ये करंट सोडत राहतो, तो वेगळा बंद करा.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पूर आला की फॉरवर्डचा पाऊस पडतो पण कोण कुणाला मदत करणार हे कुणालाच माहीत नसतं. काय करता येईल?

उत्तर : बोट आणि जवान येईपर्यंत जो वेळ जातो तो शेजाऱ्यांचा असतो, म्हणून तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. पावसाळ्याआधी एक संध्याकाळ काढा आणि घरोघर जाऊन यादी करा, एकटं कोण राहतं, अंथरुणाला कोण खिळलंय, ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवर कोण आहे, कुणाला ऐकू येत नाही (त्याला भोंगा वाजून काय उपयोग?), आणि कुणाकडे साधा फोन आहे ज्याला ग्रुपवरचं काहीच कळत नाही. मग प्रत्येकासमोर दोन माणसांची नावं टाका, एक नाही, दोन, कारण त्यातला एक नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो. त्यांचं काम एवढंच, ठरलेला आकडा आला की दार वाजवायचं, आणि आतून आवाज येईपर्यंत परत फिरायचं नाही.

ग्रुपवर मात्र एकच माणूस पातळी टाकेल, वेळेसकट. नाहीतर मागच्या वर्षीचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो आणि लोक उलट्या दिशेला पळतात. गुरं असतील तर त्यांचीही यादी करा, आणि नेता आली नाहीत तर निदान दावं सोडा, बांधलेलं जनावर बुडतंच.

प्रश्न : आमची गाडी उंच आहे, थोड्या पाण्यातून काढता येईल ना?

उत्तर : नाही. जोरात वाहणारं सहा इंच पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं, एक फुटात छोटी गाडी तरंगायला लागते आणि दोन फुटात तुमच्यासारखी उंच गाडीसुद्धा वाहून जाऊ शकते. शिवाय पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय हे वरून दिसत नाही.

प्रश्न : मागे आला तो शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता म्हणतात. म्हणजे आता आमच्या हयातीत चिंता नाही, असंच ना?

उत्तर : दादा, नाही हो, तसं नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कुठल्याही एका वर्षी तो यायची शक्यता १ टक्का, आणि मागच्या वर्षी येऊन गेला म्हणून ती कमी होत नाही. तीस वर्षं त्याच घरात राहिलात तर एकदा तरी तो भेटायची शक्यता साधारण २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. आणि हा हिशेबही जुन्या पावसाच्या नोंदींवरचा, पाऊस बदलला की तोही बदलतो. घराची दुरुस्ती चालूच असेल तर बोर्ड आणि सॉकेट मागच्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, खालच्या कप्प्यात काही मौल्यवान ठेवू नका, आणि विमा असेल तर त्यात पूर धरलाय का ते आजच वाचून घ्या.