दोन संसार जोडले, म्हणून समुपदेशक?

प्रश्न : मुलगी टी.वाय. बी.ए.ला आहे, विषय मानसशास्त्र, गेल्या वर्षी 68 टक्के. मारहाण, अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी वस्तीत राहून काम करायचं म्हणते. स्वभावाने गोड आहे, गल्लीतले तुटायला आलेले दोन संसार तिने समजूत काढून जोडले. पण रोज लोकांची रडगाणी ऐकून तिच्याच डोक्यावर परिणाम होईल, अशी तिच्या आईला धास्ती वाटते. म्हणून सहा महिन्यांचा ऑनलाइन समुपदेशन डिप्लोमा करून पुण्यात केबिन थाटायची आणि सोबत एमपीएससीचा अभ्यास करायचा, असं आम्ही ठरवलं आहे. कोणता डिप्लोमा चांगला? – एक पालक, बार्शी

उत्तर : केबिन तुम्ही ठरवली, शहर तुम्ही ठरवलं, परीक्षाही तुम्हीच. मुलीच्या तोंडचं पत्रात एकच वाक्य आहे, आणि पुढच्या चार ओळींत तुम्ही ते खोडून टाकलंत. टक्क्यांची मला काळजी नाही, या चार ओळींची आहे.

आता त्या जोडलेल्या संसारांबद्दल. त्या दोघींना संसार जोडूनच हवा होता का, आणि त्यानंतर मार थांबला का, हे तुमच्या पत्रात नाही. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे समजूत काढणं, समजूत काढणं म्हणजे तडजोड, आणि तडजोड म्हणजे बाईने परत जाणं, असं समीकरण घट्ट बसलंय. हिंसेच्या कामात ते जिवावर बेतू शकतं. नवरा समोर बसला असेल तर बाई ‘सगळं ठीक आहे’ म्हणते आणि रात्री त्या बैठकीचाच मार खाते. म्हणून जाणकार कार्यकर्ती तिला आधी एकटीला भेटते. पहिला प्रश्न असतो, ‘आज घरी जाणं सुरक्षित आहे का?’ मग दोघी मिळून तयारी करतात. आधारकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायच्या. दोन नंबर पाठ करायचे. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात शिरायचं नाही, तिथे विळी आणि रॉकेल असतं. दाराच्या बाजूला राहायचं. संस्थेचं माहितीपत्रक घरी न्यायचं नाही. जखमेची नोंद सरकारी दवाखान्यात, कुणी मारलं हे सांगून करून घ्यायची. आणि कायद्याचंही ऐका : घरगुती हिंसाचार कायद्याच्या 2006च्या नियमांनुसार समुपदेशनात नवऱ्याला ‘तिने असं केलं म्हणून मी मारलं’ ही सबब पुढे करता येत नाही. सहा महिन्यांच्या व्हिडिओंमधून यातलं काय हाताला लागणार?

हे काम शिकायच्या जागा महाराष्ट्रात आहेत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने 1984मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. असे कक्ष आज राज्यभर पोलिसांच्या आवारातच चालतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000मध्ये महापालिका आणि सेहत या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उघडलं. पडले, भाजलं असं सांगत येणारी बाई दवाखान्यात यायचीच, म्हणून केंद्रही दवाखान्यातच.

केबिनला माझा विरोध नेमका इथेच आहे. ‘मला ट्रॉमा झालाय’ म्हणत कुणी जिना चढत नाही. बाई म्हणते डोकं जड होतं, छातीत धडधडतं, लई इचार येत्यात. झिम्बाब्वेत शोना भाषेत याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, अति विचार. तिथे 2005मध्ये सरकारने शहरांतल्या वस्त्या पाडल्या, माणसं उघड्यावर आली. पुढच्याच वर्षी मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या म्बारे भागात 14 आज्यांना हाताशी धरून दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर काम सुरू केलं. आधी नाव होतं मानसिक आरोग्याचा बाक. त्यावर कोण बसणार? आज्यांनीच ते बदलून मैत्रीचा बाक केलं. आजी 14 प्रश्न विचारते, मग अनेक अडचणींतली एकच निवडून त्यावर पुढचं पाऊल बाईकडूनच ठरवून घेते. 2016मध्ये 573 जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले : सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. मात्र यावरून ‘आजीला जमतं तर पदवी कशाला’ असं म्हणू नका. त्या आज्यांना प्रशिक्षण आहे, पाठीशी देखरेख आहे, आणि आत्महत्येचे विचार दिसले की केस वर पाठवायची हे ठरलेलं आहे.

मुलीच्या आईची धास्ती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. ऐकणाऱ्याची झोप उडते, चिडचिड वाढते, काही महिन्यांनी सगळ्यांच्याच कहाण्या सारख्या वाटू लागतात. त्यावर उपाय म्हणजे नीट चालणारी संस्था. नोकरीच्या मुलाखतीत मुलीने विचारावं : दिवसाला नव्या केस किती? आठवड्याची केस-बैठक होते का? सोबत कुणी अनुभवी कार्यकर्ती असते का? उत्तरादाखल ‘आमच्याकडे सगळे कुटुंबासारखे आहेत’ एवढंच मिळालं, तर तिथे जाऊ नये.

वाटा थोडक्यात : एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं, टाटासाठी सीयूईटी पीजी ही प्रवेशपरीक्षा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम. त्यांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेची यादी बघा. तुमच्या वर्णनावरून मुलीचा कल मला समाजकार्याकडे दिसतो. एमपीएससी तिला हवी असेल तर ती ठरवेल.

डिप्लोम्याचं नाव मी देणार नाही. परीक्षेनंतरचे दोन महिने तिला जवळच्या एखाद्या महिला संस्थेत जाऊ द्या. पहिला महिना नुसतं बसून बघायचं, कुणाची समजूत काढायची नाही. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही ते आधी वाचू नका.