एक खूण राखून ठेवा

प्रश्न : लक्ष्मीपूजनाच्या रात्री समोरच्या गल्लीत फटाक्यांची माळ लागली आणि आमचा बंड्या दारातून सुटला. गावठी आहे, चार वर्षांचा. अरण्येश्वराच्या बाजूने तळजईच्या टेकडीकडे पळाला असं टपरीवाल्याने सांगितलं. मुलाने फेसबुकवर आणि असतील नसतील त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली, पंचवीस हजारांचं बक्षीसही लावलं. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला, कुत्रा काही मिळाला नाही. काल एकाचा फोन आला : 'कुत्रा माझ्याकडे हडपसरला आहे. आणून देतो, गाडीभाड्याचे दोन हजार आधी पाठवा.' पाठवावेत का? जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे.
— एक आजोबा, सहकारनगर

उत्तर : आजोबा, एक रुपयाही पाठवू नका. त्याला म्हणा, आम्हीच हडपसरला येतो, पत्ता द्या आणि आत्ताच्या आत्ता व्हिडिओ कॉलवर कुत्रा दाखवा. 'कॅमेरा बिघडलाय' असं उत्तर आलं की समजून जा. पैसे गेलेच असते तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची असते, पण ती वेळ येऊ देऊ नका.

आता जाहिरातीकडे वळते, कारण खरी गोम तिथे आहे. 'आमचा जीव की प्राण, घरातलं शेंडेफळ बंड्या' इथपासून सुरुवात. मग लाल पट्टा, डाव्या कानाला चीर, मागच्या उजव्या पायाचं एकच बोट पांढरं, पोटावर टाक्यांची खूण. अहो, सगळंच सांगून टाकलंत! आता फोनवरच्या माणसाला परीक्षेसाठी विचारणार काय? पांढरं बोट खोडा. ती खूण फक्त घरच्यांना माहीत असू दे. फोन आला की सहज विचारायचं, 'मागचा पाय बघून सांगता का जरा?' कुत्रा खरोखर समोर असलेला माणूस वाकून बघतो. नसलेला माणूस चिडतो.

फोटोही बदला. वाढदिवसाची टोपी घातलेला बंड्या गोड दिसतो, मान्य. पण टेकडीवर पहाटे तीस पावलांवरून दिसेल ते तांबूस, मध्यम उंचीचं, शेपूट पायांत घातलेलं जनावर. उभं असताना बाजूने काढलेला फोटो हवा. आणि मजकूर असा :

'हरवला आहे. गावठी नर कुत्रा, तांबूस, छाती पांढरी, लाल पट्टा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री (इथे पूर्ण तारीख, सालासकट) अरण्येश्वर ते तळजई. खूप घाबरलेला आहे. पाठलाग करू नका, हाका मारू नका. लांबूनच फोटो काढा, जागा पाठवा, फोन करा.'

'पाठलाग करू नका' हे मुलाला जास्त वाटेल, पण तेच ठळक करा. फटाक्याला घाबरलेला कुत्रा मालकाच्या हाकेलाही पळतो. दिसलाच तर धावत जाऊ नका. त्याच्याकडे तिरकं बसा, नजर देऊ नका, ओळखीच्या वासाचं काहीतरी जवळ ठेवा आणि त्याला येऊ द्या. म्हणूनच मला सुरुवातीला बक्षिसाचा आकडा लिहिलेला आवडत नाही. टेकडीवर पोरं दुचाक्या घेऊन मागे लागतात आणि जनावर आणखी लांब जातं. शिवाय आकडा लिहिला की तो द्यावा लागतो, बरं का. 1872 च्या करार कायद्यातलं 168 वं कलम सांगतं की ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर सापडवणारा ते मागू शकतो आणि हातात पडेपर्यंत सापडलेली वस्तू अडवूनही ठेवू शकतो. कायद्याच्या लेखी बंड्या वस्तूच.

साल लिहा म्हटलं त्याचंही कारण आहे. कधीच घरी पोचलेल्या कुत्र्यांच्या जाहिराती अजून पुण्यात फिरतायत आणि भली माणसं अजून फोन करतायत. ग्रुपवर चित्र टाकण्याऐवजी एकाच फेसबुक पोस्टची लिंक पाठवा. सापडला की त्या एका ठिकाणी 'सापडला' लिहायचं, संपलं.

आणि मुख्य काम उलट दिशेचं आहे. स्वतःची जाहिरात टाकून वाट बघत बसू नका, 'सापडला आहे'च्या जाहिराती चाळा. चाळताना वर्णनावर जाऊ नका. तुम्ही ज्याला तांबूस गावठी म्हणता त्याला कोणी 'गोल्डन, लॅब मिक्स, मादी' म्हणून टाकलेलं असतं. पट्टा तर गळूनही पडलेला असतो. शोधायचं ते भागावरून आणि तारखेवरून. बिबवेवाडी, धनकवडी, सिंहगड रस्ता, सगळं बघा, कारण तळजईवरून कुठेही उतरता येतं.

हे सगळं झालं फोनवाल्यांचं. पहाटे रस्त्यावर असणारी माणसं तुमच्या ग्रुपवर नाहीत. पेपरवाला, वॉचमन, 'स्वच्छ'च्या कचरा गोळा करणाऱ्या ताई, टेकडीवर फिरायला येणारे, भटक्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणारी मंडळी यांच्या हातात छापील कागद द्या. अमृततुल्यवाल्याला विचारून काउंटरवर एक चिकटवा. भटकी कुत्री पकडून नेतात त्या महापालिकेच्या नसबंदी केंद्रातही स्वतः जाऊन बघून या. फोनवर 'तांबूस गावठी आहे का' विचारलंत तर काय उत्तर देतील बिचारे?

प्रश्न : आमच्या पार्किंगमध्ये एक पर्शियन मांजर सापडली. फेसबुकवर फोटो टाकल्यावर तिघांनी 'आमचीच' म्हटलं. मुलगी म्हणते, कोणालाच द्यायची नाही, आपणच ठेवू.
— कर्वेनगर

उत्तर : आधी जवळच्या व्हेटकडे नेऊन चिप आहे का ते तपासून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधे कातडीखाली. स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी नंबर दिसतो. तिच्यात जीपीएस वगैरे काही नसतं. त्या नंबरावर मालकाचा फोन नोंदवलेला असेल तरच उपयोग.

चिप नसेल तर तिघांकडे जुने फोटो आणि लसीकरणाचं पुस्तक मागा. फोटो एकच नको, लहानपणापासूनचे हवेत. आणि तुमच्या पोस्टमध्ये न दिसलेली एखादी खूण त्यांनाच सांगू द्या. 'हाक मारली की येते का बघू' ही परीक्षा मांजरांना लावू नका. घाबरलेली मांजर सख्ख्या मालकाकडेही ढुंकून बघत नाही.

मुलीचं म्हणाल तर सापडलेली गोष्ट सांभाळून ठेवणं ही त्याच करार कायद्याच्या 71 व्या कलमाने तुमच्यावर आलेली जबाबदारी आहे, मालकी नव्हे. घरात पाळलेली मांजर सुटली तर बहुतेक वेळा जवळपासच दडून बसते, तेव्हा मालक तुमच्याच गल्लीत असण्याची शक्यता मोठी. आजूबाजूच्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डवर कागद लावा, वॉचमनना सांगा. पुरेसा शोध घेऊनही कोणी आलं नाही तर ठेवा खुशाल. मग लसी, नसबंदी आणि चिप तुमच्या खर्चाने, आणि घाण साफ करायची मुलीने.