सहा महिन्यांचे पॉड बॅगेत भरण्याआधी

प्रश्न: कंपनीच्या कामासाठी अडीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. पंधरा वर्षांची सिगारेट इथं सुटली, ती तयार भरलेल्या पॉडच्या (बदलता येणाऱ्या द्रवाच्या कुपीच्या) छोट्या वेपमुळे, म्हणजे ई-सिगारेटमुळे. चार-पाच प्रकार वापरून पाहिले, त्यातला एक रोजच्यासाठी पटला. खिशात मावतो, गळत नाही, एकदा चार्ज केला की दिवस निघतो, दोन मिलीचा पॉड तीन दिवस पुरतो. पुढच्या महिन्यात कायमचा पुण्याला परततोय. सहा महिन्यांची बेगमी म्हणून 60 पॉड सोबत आणले तर चालेल का? भारतात विक्रीला बंदी आहे, वापराला नाही, असं सगळे सांगतात. निकोटीन नसलेले आणले तर? दोन मित्रांनीही एकेक आणायला सांगितलंय. मागच्या दिवाळीत एक आणून दादाला दिला होता, तेव्हा कोणी अडवलं नव्हतं. मला पुन्हा सिगारेटकडे जायचं नाही, म्हणून विचारतोय.

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. पंधरा वर्षांची सवय सोडणं सोपं नसतं, आणि ती सुटलेली राहावी यासाठी तुम्ही विचारताय, हे मी उत्तर लिहिताना विसरणार नाही. तरी पहिलं उत्तर स्पष्ट देते: आणू नका. साठ नको, सहा नको, खिशातला तो एकही नको.

आता कारण. 2019 साली आपल्याकडे ई-सिगारेट प्रतिबंधक कायदा झाला. आधी 18 सप्टेंबरला अध्यादेश निघाला, मग डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. त्याच्या कलम 4 मध्ये उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. ‘वापर’ हा शब्द त्या यादीत नाही. तुमचे मित्र सांगतात ते एवढ्यापुरतं खरं आहे. सिंगापूरने 2018 पासून वापरणं आणि नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. आपल्या संसदेने तसे शब्द घातले नाहीत, आणि उद्या कोणावर फक्त ‘ओढताना दिसला’ म्हणून खटला भरला तर कुठलाही वकील पहिल्यांदा हाच मुद्दा मांडेल.

पण तुमच्या उपकरणाकडे जरा जवळून बघा. टेबलावर ठेवा आणि दोन भाग वेगळे करा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पॉड. बॅटरी वर्षभर चालेल. पॉड मात्र भरलेला येतो, तीन दिवसांत संपतो आणि पुन्हा भरता येत नाही. म्हणजे दर तीन दिवसांनी नवा पॉड कुठून तरी तुमच्या हातात यायला हवा. भारतात तो येण्याचे मार्ग किती? कोणी तरी आणायचा, पाठवायचा, विकायचा किंवा द्यायचा. यातला प्रत्येक मार्ग कलम 4 ने बंद केलेला आहे, आणि ते कलम पूर्ण उपकरणाइतकंच त्याच्या ‘कोणत्याही भागाला’ही लागू होतं, म्हणून ‘मी नुसते पॉड आणले’ हा बचाव होत नाही. वापराला बंदी नाही हे वाक्य तुमच्या प्रकारच्या वेपसाठी तीन दिवसांपुरतंच उपयोगी आहे.

तुम्ही वजन, गळती, चार्ज, चव सगळं पारखलंत. रोजच्या वापराची वस्तू पारखताना मी तुम्हाला आणखी एक गोष्ट बघायला सांगेन: ती संपली की पुढची कुठून येणार. इंग्लंडमध्ये हा प्रश्न पडत नाही. तिथं पॉडला दोन मिली आणि निकोटीनला मिलीमागे 20 मिलिग्रॅम अशी कायद्याची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेत तो दुकानात उघड मिळतो. 1 जून 2025 पासून तिथं एकदा वापरून फेकायच्या वेपची विक्री बंद झाली; तुमचा पुन्हा चार्ज होणारा, पॉड बदलता येणारा प्रकार त्या बंदीतही बसत नाही. तिथं तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. फक्त तिथला कायदेशीरपणा विमानात तुमच्यासोबत बसत नाही.

‘स्वतःपुरतं’ या शब्दावर मी थोडी थांबणार आहे, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच शब्दावर भिस्त ठेवून आलेले असतात. दारूच्या बाटल्या, सिगारेटी यांना प्रवाशाच्या सामानात ठरावीक सवलत असते, त्यामुळे वेपलाही असेल असं लोक धरून चालतात. या कायद्यात आयात म्हणजे भारताबाहेरून भारतात आणणं, बस्स. व्यापारासाठी की स्वतःसाठी, एक की शंभर, हा भेद त्यात केलेला नाही. शिवाय परदेश व्यापार महासंचालनालयाने सप्टेंबर 2019 मध्येच आयात निषिद्ध केली, त्यामुळे कस्टम्सच्या दृष्टीने ही ‘निषिद्ध वस्तू’ झाली. निषिद्ध वस्तू जप्त झाली की दंड भरून ती सोडवून घेणं हा तुमचा हक्क राहत नाही. तशी मुभा द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. वर कस्टम्स कायद्याच्या कलम 112 खाली वस्तूच्या किमतीइतका किंवा पाच हजार रुपये, यातला जो जास्त तो, तिथपर्यंत दंड लागू शकतो. ई-सिगारेट कायद्याखालची शिक्षा वेगळी: पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कलम 4 चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पहिला गुन्हा जामीनपात्र असतो, त्यामुळे थेट तुरुंगात जाल अशी भीती मी घालणार नाही. पण नव्या नोकरीच्या पडताळणीत आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जात ‘तुमच्यावर गुन्हा नोंद आहे का’ हा रकाना असतो, आणि तो भरताना होणारा त्रास मी अशिलांच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

एक अशील आठवतो. तुमच्याच वयाचा, तसाच सरळ. विमानतळावर बॅग स्कॅनमधून गेली आणि बाजूला काढली गेली. स्टीलच्या टेबलावर अधिकाऱ्याने पॉडची पाकिटं दहा-दहाच्या रांगेत मांडली आणि मोजायला सुरुवात केली. हा सांगत होता, साहेब, सगळे माझ्यासाठी. पाकिटं होती तीन वेगळ्या चवींची, आणि फोनमध्ये मित्रांच्या ग्रुपवर याद्या होत्या: ‘मला पुदिन्याचे दोन आण’, ‘माझे पैसे आल्यावर देतो’. त्या एका ओळीने ‘स्वतःपुरतं’ संपलं. त्यानंतरचे आठ महिने तो उत्तरं लिहीत आणि तारखांना हजर राहत होता.

म्हणून मित्रांना आजच ‘नाही’ कळवा. फुकट दिलं तर चालेल असं मनात असेल तर तेही काढून टाका. कायद्याच्या व्याख्येत नमुना म्हणून देणंही ‘वितरण’ आहे, मोफत असो वा नसो. इंग्लंडमधल्या कोणी नंतर कुरिअरने पाठवणं हीसुद्धा आयातच. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहिल्याने आतली वस्तू बदलत नाही, आणि पत्ता तुमचा असतो.

निकोटीन नसलेल्या पॉडचं उत्तर एका ओळीत: व्याख्येतच ‘निकोटीन असो वा नसो’ असे शब्द आहेत, तेव्हा ती वाट बंद. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ‘याला सिगारेट सोडण्यासाठी वेप आवश्यक आहे’ असं लिहून दिलं तरी उपयोग नाही. व्याख्येतून सुटका आहे ती औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 खाली परवाना असलेल्या उत्पादनांना, आणि तुमचा वेप तसा नाही.

आता घरात ठेवण्याबद्दल. कलम 5 म्हणतं की कोणीही आपल्या ताब्यातल्या जागेत ई-सिगारेटचा ‘साठा’ जाणूनबुजून ठेवू देऊ नये. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक उपकरण म्हणजे साठा का, यावर वाद घालायला जागा आहे आणि मी तो मनापासून घालेन. आरोग्य मंत्रालयाने 2023 च्या अखेरीस मात्र अशी भूमिका जाहीर केली की कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हे या कायद्याचं उल्लंघन आहे. मंत्रालयाचं म्हणणं म्हणजे कायद्याचा मजकूर नव्हे, अर्थ शेवटी न्यायालय लावतं. पण रस्त्यावर तुम्हाला थांबवणारा उपनिरीक्षक मंत्रालयाचं म्हणणं घेऊन उभा असतो, आणि त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती आणि जप्तीचे अधिकार या कायद्याने दिलेले आहेत. माझा युक्तिवाद नंतर कोर्टात कामाला येईल. ती रात्र तुम्हालाच काढावी लागेल.

दादाच्या बाबतीत घाबरून जाऊ नका. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला साधारणपणे एक वर्षाची मुदत असते, आणि मागच्या दिवाळीला तेवढा काळ उलटत आलाय किंवा उलटलाय ते तारखेवरून बघा. कोणी अडवलं नाही याचा अर्थ परवानगी होती असा मात्र घेऊ नका. त्या दिवशी तुमची बॅग बाजूला काढली गेली नाही, इतकंच. दादाला सांगा की ते कोणाला विकायचं नाही, द्यायचं नाही, त्यासाठी नवे पॉड मिळवायचे नाहीत. ऑनलाइन ओळखीतून ‘ओरिजिनल’ म्हणून पॉड मिळतात म्हणे. त्यात काय भरलंय हे तपासणारी कोणतीही यंत्रणा इथं नाही, आणि माल खराब निघाला तर ग्राहक म्हणून दाद मागायला जाल तेव्हा व्यवहारच बेकायदा असल्याचं उत्तर मिळेल. करार कायदा, 1872 चं कलम 23 तेच सांगतं. दादाला ते घरात नको असेल तर स्थानिक वकिलामार्फत अधिकृत अधिकाऱ्याकडे लेखी पोच घेऊन जमा करता येईल का, हे विचारून घ्या.

समजा इतकं सांगूनही चुकून एखादा पॉड सामानात राहिला आणि विमानात आठवला. ग्रीन चॅनेलने, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, जाऊ नका. जाहीर करायचं असलेल्यांच्या रेड चॅनेलला जा, स्वतःहून सांगा, लेखी द्या. कस्टम्स कायद्याच्या कलम 80 प्रमाणे निषिद्ध वस्तूची खरी माहिती दिलेली असेल तर ती अडकवून ठेवून परत जाताना देण्याची विनंती करता येते. ती मान्य करणं अधिकाऱ्यावर आहे आणि तुम्ही तर कायमचे येताय, त्यामुळे वस्तू सोडून द्यायची तयारी ठेवा. प्रामाणिकपणे जाहीर केलेल्या एका पॉडचं आणि लपवलेल्या साठ पॉडचं प्रकरण कागदावर खूप वेगळं दिसतं. पंचनामा झाला तर वाचल्याशिवाय सही करू नका, संख्या स्वतः मोजा, प्रत मागा. विमानतळावर असो वा रस्त्यावर, ‘काहीतरी देऊन मिटवा’ असं कोणी सुचवलं तर देऊ नका. लाच देणं हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा आहे.

आणि सिगारेट. सिगारेट इथं कोपऱ्यावर मिळते आणि ती सोडायला मदत करणारं उपकरण मिळत नाही, हे तुम्हाला अन्याय्य वाटत असेल. मला तो प्रश्न खरा वाटतो. संसदेने तरुण मुलांना नवी सवय लागू नये हा विचार वर ठेवला. त्यात तुमच्यासारख्यांची कुचंबणा होते. पण कायदा आहे तोवर तुम्हाला त्याच्या आतला रस्ता दाखवणं माझं काम आहे, आणि तो रस्ता आहे. निकोटीनचं च्युइंगम आणि चघळायच्या गोळ्या भारतात औषध म्हणून मिळतात. तुमच्याकडे अजून महिना आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत सिगारेट सोडायला मदत करणारे सल्लागार असतात. याच आठवड्यात वेळ घ्या, परतण्याची तारीख सांगा, आणि वेपवरून च्युइंगम किंवा त्वचेवर लावायच्या निकोटीनच्या पट्टीवर कसं यायचं हे तिथंच सुरू करा. पट्ट्या, च्युइंगम सोबत आणायचे असतील तर स्वतःला लागतील तेवढेच, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. इथं उतरल्यावर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 वर मोफत बोलता येतं.

उपकरण आणि उरलेले पॉड तिथल्या वेपच्या दुकानात परत द्या, बॅटरी असल्यामुळे घरच्या कचऱ्यात टाकू नका. निघण्याच्या आदल्या रात्री हिवाळी कोटाचे आतले खिसे, लॅपटॉपच्या बॅगेचा चार्जरचा कप्पा आणि टॉयलेटरीची पिशवी उलटी करून बघा. राहिलेला पॉड बहुधा तिथंच सापडतो.