डिस्चार्ज सकाळी सांगितला, घरी पोचलो रात्री!

प्रश्न : डॉक्टर, माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला न्यूमोनिया झाला म्हणून इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात ऍडमिट केलं होतं. चौथ्या दिवशी राऊंडला सर म्हणाले आज सोडू, आम्ही लगेच बॅगा भरल्या, सासूबाईंना फोन करून वरणभात टाकायला सांगितला, आणि निघालो कधी तर रात्री आठला. दिवसभर एकच उत्तर, "फाईल खाली गेलीये." पोरीच्या हातात व्हेनफ्लॉन (सलाईनची सुई) तसंच, शेवटी रडून रडून झोपली. तिथे सगळं कॉम्प्युटरवर आहे, सिस्टर ताप पण टॅबवर लिहितात, मग एवढा वेळ लागतोच कसा? बाहेरच्या देशात पण असंच असतं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, बाहेर पण हेच रडगाणं होतं. कॉम्प्युटर आला की कामं पटापट होतील असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी झालंय असं की आधी जे कागदावर लिहायचे तेच आता टाईप करतात, क्रम मात्र जुनाच. आधी राऊंड, मग आरएमओ, म्हणजे वॉर्डातला ड्युटी डॉक्टर, डिस्चार्जची समरी टाईप करणार (त्याच्या डोक्यावर अख्खा वॉर्ड असतो आणि मधेच कॅज्युअल्टीतून कॉल येतो), मग ती सर तपासणार पण सर तोवर ओपीडीत, मग उरलेली औषधं फार्मसीत परत, ते पैसे बिलातून वजा, मग फायनल बिल, आणि कॅशलेस (विमा कंपनी थेट बिल भरते ते) असेल तर टीपीए डेस्क, म्हणजे विम्याचे कागद बघणारा काउंटर. एकाचं झाल्याशिवाय पुढचा हात लावत नाही. "फाईल खाली गेलीये" म्हणजे ती यातल्या कुणाच्या तरी टेबलावर पडलीये, बस.

अमेरिकेत ओहायोमधल्या सिनसिनाटी चिल्ड्रन्स या मुलांच्या हॉस्पिटलने यावर जे केलं ते मला फार पटलं, २०१४ मध्ये त्यांनी ते छापलंही. त्यांनी नेहमी येणारे ११ आजार निवडले आणि प्रत्येकासाठी आधीच ठरवलं की काय काय झालं की मूल घरी जायला फिट. म्हणजे समजा दमा असेल तर नेब्युलायझेशन (वाफेतून औषध) किती तासांच्या अंतराने पुरतंय, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) टिकतंय का, तोंडाने खातंय-पितंय का, असं. ही यादी ऍडमिशनच्या ऑर्डरबरोबरच रेकॉर्डमध्ये जायची, म्हणजे घरी जायची तयारी पहिल्याच दिवशी सुरू. मुलाचे सगळे निकष पुरे झाले की नर्सने सिस्टिममध्ये तशी नोंद करायची, तिथून घड्याळ चालू, दोन तासांत मूल निघालं पाहिजे आणि नाही निघालं तर का नाही ते शोधायचं. सुरुवातीला १०० पैकी ४२ मुलं अशी वेळेत निघायची, दीड वर्षाच्या आत ८० निघायला लागली, आणि घाईने सोडल्यामुळे परत ऍडमिट व्हायचं प्रमाण काही वाढलं नाही.

यातली खरी गंमत त्या एका नोंदीत आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरमधली डिस्चार्जची वेळ म्हणजे बिल सेटल झाल्याची वेळ, मूल बरं कधी झालं हे कुठेच वेगळं लिहिलेलं नसतं, मग मधले आठ-दहा तास कुणाच्या हिशेबातच येत नाहीत. जे लिहिलंच नाही त्याबद्दल मीटिंगमध्ये विचारणार कोण?

तुमच्या हातात काय आहे तर ऍडमिट झाल्याच्या दिवशीच विचारा, "हिला सोडायला काय काय दिसायला हवं?" आणि लिहून घ्या. उद्या सोडतील असा अंदाज आला की आदल्या संध्याकाळीच आरएमओंना समरी तयार ठेवायला सांगा, शिरेतलं शेवटचं औषध झालं की व्हेनफ्लॉन कधी काढताय ते सिस्टरना विचारा, बिलाशी त्याचा काही संबंध नाही. आणि कॅशलेस असेल तर आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मे २०२४ मध्ये सांगितलंय की हॉस्पिटलची डिस्चार्जची रिक्वेस्ट मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने फायनल मंजुरी द्यायची, त्यापुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. फक्त रिक्वेस्ट नक्की किती वाजता गेली ते टीपीए डेस्कवर विचारून ठेवा, बऱ्याचदा ती जातेच दुपारी तीनला.

प्रश्न : मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. नवीन सॉफ्टवेअरमध्ये सकाळी ११ च्या आत किती डिस्चार्ज झाले ते लाल-हिरवं दिसतं आणि लाल दिसलं की आम्हालाच बोलणी. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही पटत मला. मोठ्यांच्या वॉर्डात एक वेळ ठीक, पण मुलं झपाट्याने सुधारतात, सकाळी दम लागलेलं पोर संध्याकाळी कॉटवर उड्या मारत असतं. ११ चा आकडा गाठायचा म्हटलं की संध्याकाळी फिट झालेल्या मुलाला "राहू दे, उद्या सकाळी सोडू" म्हणून रात्रभर ठेवायचा मोह होतो, रिपोर्ट हिरवा आणि बेड अडकलेला, वर एक रात्रीचं भाडं आईबापांच्या माथी. मॅनेजमेंटला सांगून बघा की फिट झाल्यापासून किती तासांत निघालं ते मोजा आणि उशिराचं कारण निवडायला एक छोटी लिस्ट द्या : समरी, फार्मसी, बिल, विमा, गाडी नाही. महिन्याभराने कळेल लाल रंग कुणाचा आहे, तुमचा बहुतेक नसेलच.

आणि घाईत एक मात्र सोडू नका. समरी कॉपी-पेस्ट होते तेव्हा डोस जुनाच राहतो. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीमध्ये १२० मिग्रॅचं पण येतं आणि २५० चं पण, नुसतं "५ मिली" लिहून दिलं आणि केमिस्टने १२० ऐवजी २५० ची बाटली दिली तर डोस दुप्पट. मुलाचं वजन, सिरपची स्ट्रेंग्थ आणि मिली हे तिन्ही समरीवर आहेत ना ते बघा, आणि आईला सिरिंजमध्ये औषध भरून दाखवायला सांगा, त्याला दोन मिनिटं पण लागत नाहीत.